निष्ठावंत गिऱ्हाइकाचे मोल

पूर्वी घराघराचा वाणी ठरलेला असे. महिन्याची यादी त्याच्याचकडे जायची. पण त्या निष्ठेमागे एक न बोललेला करार होता. ओढाताणीच्या महिन्यात तो उधारी लिहून ठेवी, यादी घेऊन आलेल्या पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवी. तो मापात मारू लागला, की पिशव्या मुकाट्याने शेजारच्या दुकानाकडे वळत.

मोबाइलच्या बाजारात हा करार एकतर्फी झाला आहे. ७ सप्टेंबर २०१६ रोजी ॲपलने आयफोन ७ सादर केला, तेव्हा हेडफोनची साडेतीन मिलिमीटरची खाच त्यातून नाहीशी झाली होती. कोणत्याही कंपनीचा हेडफोन जिथे चालावा, अशी ती साधी सोय. फोनच्या पोटात जागा हवी होती, हे कारण खोटे नव्हे. पण फिल शिलर यांनी व्यासपीठावरून त्याला 'धैर्य' म्हटले आणि त्याच समारंभात १५९ डॉलरचे बिनतारी एअरपॉड्सही पुढे आले. धैर्य कंपनीचे, खिसा गिऱ्हाइकाचा!

गूगल आणि सॅमसंग यांनी तेव्हा आपल्या जाहिरातींतून या प्रकाराला चिमटे काढले. पण गिऱ्हाईक कुरकुरते, तरी जात नाही, हे दिसताच दोघांनीही तीच वाट धरली. गूगलने २०१७ मध्ये पिक्सेल २ मधून आणि सॅमसंगने २०१९ मध्ये नोट १० मधून तीच खाच काढली.

२०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जरही गेला. कारण सांगितले पर्यावरणाचे: चार्जर घरोघरी पडून आहेतच. पण सोबतच्या वायरीचे टोक नव्या घडणीचे होते, जुन्या अनेक चार्जरमध्ये ते बसतच नव्हते. मग नवा चार्जर वेगळ्या खोक्यातून, वेगळ्या पैशांनी आणणे आले. यावेळीही सॅमसंगने आधी थट्टा केली आणि जानेवारी २०२१ मध्ये अनुकरण.

मग गिऱ्हाईक का टिकते? ते केवळ प्रेमापोटी नव्हे. मुलांचे फोटो, आप्तांचे निरोप, मनगटावरचे घड्याळ, सारे एकाच कंपनीच्या वाड्यात गुंतलेले असते. बाहेर पडणे जिवावर येते आणि कंपनी त्यालाच निष्ठा म्हणते.

जिथे गिऱ्हाइकाची कुरकुर पुरली नाही, तिथे कायदा कामी आला. ब्राझीलने २०२२ मध्ये चार्जर न दिल्याबद्दल ॲपलला दंड केला. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना यूएसबी-सी ही एकच खाच सक्तीची केली; ॲपलने त्याआधीच, २०२३ च्या आयफोन १५ मध्ये ती स्वीकारली होती. म्हणजे अशक्य काहीच नव्हते.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर घरात नवा फोन घेताना खोक्यात काय आहे याबरोबरच काय नाही, हेही विचारावे. बॅटरी उतरली तर कितीला बदलून मिळेल, हेही. पिशवी दुसरीकडे वळू शकते, हे वाण्याला ठाऊक होते. म्हणूनच त्याचे माप सरळ राहत असे.