सदृश

डिसेंबर २०२३. आमच्या गावात दुष्काळ नाही. दुष्काळसदृश आहे.

३१ ऑक्टोबर २०२३ला सरकारने राज्यातले ४० तालुके दुष्काळी ठरवले. २४ गंभीर, १६ मध्यम. आमच्या बीड जिल्ह्यातले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई त्यात बसले. आमचा तालुका बसला नाही. मग सगळीकडून बोंब उठली, तेव्हा हजाराहून जास्त महसुली मंडळांना हा ‘सदृश’ चिकटवला. पेपर वाचून आमचे अण्णा म्हणाले, “सदृश म्हंजे काय रं? जेवल्यासारखं करायचं का?”

शब्द साधा वाटतो, पण केंद्राकडे मदत मागायला गेला तो चाळीस तालुक्यांचाच प्रस्ताव. सदृशवाल्यांच्या पदरात सवलती. शेतसाऱ्यात सूट, आमचा सारा टँकरवाल्याच्या चहापाण्याइतकाही भरत नाही. कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट. मोटार उघडी पडली आहे, ती काय हवा उपसणार? पोरांची परीक्षा फी माफ, ही तेवढी खरी कामाची. कर्जवसुलीला स्थगिती म्हणजे तेच कर्ज पुढच्या वर्षी व्याजासकट दारात.

ही तूट कुठून आली ते लपलेलं नाही. १९०१पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट २०२३चा. सोयाबीन नेमकं फुलात होतं. पुढे सप्टेंबरात पाऊस आला, म्हणून रकान्यातली सरासरी सुधारली. गळालेलं फूल काही झाडाला परत लागलं नाही.

पण माझा राग पावसावर नाही. चाळीस तालुके दुष्काळी ठरले ३१ ऑक्टोबरला आणि उसाचं गाळप सुरू झालं १ नोव्हेंबरला. एका रात्रीचं अंतर! जिथे प्यायच्या पाण्याची चिंता कागदावर चढली, त्याच मराठवाड्यात धुराडी पेटली. वर्षभर पाणी पिणारा हा ऊस कुणाच्या विहिरीवर, कुणाच्या कॅनॉलवर वाढला, ते कोणी विचारत नाही. विचारणारे आम्हीही नाही. ज्याला दोन इंची पाणी लागतं तो पहिल्यांदा ऊसच लावतो, कारण दुसऱ्या कुठल्या पिकाचा पैसा ठरलेला आहे? आणि ज्याला नाही लागत तो उचल घेऊन ऊसतोडीला, कोयत्यावर जातो. दिवाळी झाली तशी आमची आळी निम्मी रिकामी. म्हातारी, शेरडं आणि कुलपं तेवढी मागे.

धरणाच्या पाण्याचंही तसंच. वरच्या धरणांतून जायकवाडी धरणात ८.६ टीएमसी सोडायचा आदेश ऑक्टोबर संपता संपता निघाला. पाणी हलायला नोव्हेंबर सरत आला. मधले दिवस कोर्ट आणि आंदोलनांत गेले. २००५चा समन्यायी वाटपाचा कायदा आहे, तरी दर तुटीच्या वर्षी भांडण पहिल्यापासून.

गावात रात्री बोअरची गाडी येते. तमिळनाडूची पाटी, कानठळ्या बसवणारा आवाज. परवा शेजाऱ्याने सातशे फूट मारला. सकाळी बघतो तर बांधावरची तूर पिठात घोळल्यासारखी पांढरी, आणि तो स्वतः तसाच पांढरा, भोकाशेजारी उकिडवा बसलेला. पाणी नाही, नुसता फुफाटा. साठ मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली जाण्याला चाप लावणारा कायदा २००९चा. गाडीवाल्याला तो माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे तो रात्री झोपलेला असतो.

डिसेंबर मोठा फसवा. सकाळी धुकं, अंगावर शाल, रानात ज्वारी हिरवी दिसते. नोव्हेंबरअखेरच्या अवकाळीने तिला जरा धरून ठेवलंय; विहिरीला त्यातलं काही मिळालं नाही. त्या हिरवाईला भुलून शहरातली मंडळी हुरड्याला येतात, फोटो काढतात, ‘काय छान गाव आहे’ म्हणतात. साहेब लोकही अशातच पाहणी उरकतात. एल निनो उन्हाळ्यापर्यंत हटत नाही, असं हवामानवाले सांगतात. पण आमचा हिशेब त्याच्याविनाच होतो. पुढचा पाऊस जूनमध्ये, तोही आला तर.

काल अण्णांनी दोराला दगड बांधून विहिरीत सोडला. वर ओढून ओला भाग हाताने मापला. पाच परसाच्या विहिरीत पाऊण परस पाणी.

तहसीलदार साहेब, टँकरच्या फेऱ्या मोजायला मार्चमध्ये येऊ नका. याच आठवड्यात या. दोर आम्ही देतो.