पाटी आणि पडदा

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या प्राथमिक शाळेत श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोडची जोड दिली. मोबाइल त्या चौकटीवर धरताच पुस्तकातली कविता मुलांस ऐकू येऊ लागली. पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले, आणि २०२० साली श्री. डिसले यांस ग्लोबल टीचर प्राइझ लाभले. पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली, हेही येथे नमूद करणे उचित होय.

या साधनाचे आम्ही स्वागतच करितो. हृदयाचे स्पंदन खडूने फळ्यावर दाखविता येत नाही, पडद्यावर येते. परंतु अक्षर गिरविण्यास बोटच पाहिजे. आणि घरचा प्रश्न तर निराळाच! पुस्तक मुलाच्या दप्तरात, मोबाइल कामावर गेलेल्या वडिलांच्या खिशात. सन २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा कित्येक मुलांचा अभ्यास याच कारणाने खुंटला. म्हणून मोबाइलवाचून होणारच नाही असा गृहपाठ प्राथमिक वर्गांस देऊ नये. पडद्यावरचे काम सर्वांनी मिळून वर्गातच करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पालकांनी मात्र सायंकाळी तोच मोबाइल घटकाभर पुस्तकावर धरावा, आणि मुलाशेजारी बसून ती कविता स्वतःही ऐकावी.