गुडघे, सायकल आणि दात्यांचे गणित

नगर जिल्ह्यात आजही अनेक ज्येष्ठ मंडळी बाजाराला, मळ्यात किंवा देवदर्शनाला सायकलीनेच जातात. गुडघा दुखू लागला की घरची माणसे प्रथम सायकल बंद करतात आणि त्याबरोबर ज्येष्ठांचे स्वतःहून बाहेर पडणेही थांबते. वास्तविक सायकल चालविताना शरीराचा बराचसा भार सीट पेलते. म्हणून किंचित झिजलेल्या गुडघ्यांनाही हा व्यायाम बहुधा मानवतो. दुखण्याचे मूळ पुष्कळदा सायकलीच्या मांडणीत सापडते.

जुन्या काळ्या सायकलीला एकच गिअर असतो. पुढच्या चक्राला 44 व मागच्या फ्रीव्हीलला 18 दाते असल्यास पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सपाट रस्त्यावर हे सोयीचे. परंतु चांदबीबी महालासारख्या चढावर किंवा मागे ओझे असताना पाय संथ फिरतात आणि गुडघ्याची वाटी सांध्यावर जोराने दाबली जाते. मागे 22 दात्यांचे फ्रीव्हील बसविल्यास चाक दोनच वेळा फिरते. वेग घटतो, पण पायाला लावावा लागणारा जोरही सुमारे 18 टक्के कमी होतो. साखळीला एखादी कडी मात्र वाढवावी लागते.

सीटही तपासावी. टाच पायडलवर ठेवून ते अगदी खाली नेले असता पाय जवळजवळ सरळ व्हावा. सीट फार खाली असल्यास गुडघा पुढून दुखतो, फार वर असल्यास मागून. पडण्याच्या भीतीने ती खाली ठेवलेली असेल, तर थोडी थोडी वाढवावी. तोल सांभाळत नसेल, तर घरातील व्यायामाची सायकल बरी.

फ्रीव्हील नसलेल्या ‘फिक्स्ड गिअर’ सायकलीत उतारावरही पाय थांबत नाहीत. वेग आवरताना गुडघ्यांवर उलटा ताण येतो. ज्येष्ठांनी ती टाळावी. व्यायामाच्या काही सायकलींची रचनाही अशीच असते. त्यांचे जड चक्र पूर्ण थांबल्याखेरीज उतरू नये. काळजी घेणाऱ्याने तोवर जवळ थांबावे.

आरंभी सपाटीवर दहा मिनिटे पुरेत. गुडघा सुजला, गरम झाला, अडकला किंवा अचानक लचकू लागला, तर सायकल थांबवून डॉक्टरांना दाखवावे. सांधेबदल झालेल्यांनी शल्यविशारदांच्या अनुमतीनेच आरंभ करावा.