मापं बिलावर लिहा

बेंगळुरूच्या बोम्मसंद्र्यातल्या औद्योगिक वसाहतीत शेडमागून शेड सीएनसी मशिनं चालतात. तिथल्या कित्येक भागांना एक-दोन शतांश मिलिमीटरपलीकडे सूट नसते. पुढे होसूरला टीव्हीएस आणि अशोक लेलँडचे कारखाने, शहराच्या दुसऱ्या टोकाला येलहंक्यात गोएत्झेच्या पिस्टन-रिंगा. एकेकाळी लेथ बनवणारा म्हैसूर किर्लोस्करचा हरिहरचा कारखाना तर १९४१ सालचा. अशा मुलखात जुन्या गाडीचा बोअर अजूनही बोटाने चाचपून ठरवला जातो, याचा मला संताप येतो.

परवा होसूर रस्त्यालगतच्या एका गॅरेजात मारुती ८०० चं इंजिन उघडलेलं पाहिलं. नुकतंच बांधलेलं, तरी निळा धूर थांबेना. पिस्टनच्या स्कर्टवर उभे ओरखडे होते. बाकावर दुसरा एक ब्लॉक बोअर-होन करून, डिझेलने धुऊन आलेला. मिस्त्रींनी त्यात तेल लावलेला पांढरा फडका फिरवला, करडा निघाला. ही होनिंगच्या दगडाची पूड. डिझेल चिकटा काढतं, पण रेघांत रुतलेली पूड तिथेच राहते आणि पहिल्या दिवसापासून रिंगा खाते. गरम पाणी, साबण, ताठ ब्रश, आणि फडका पांढरा निघाला की लगेच तेलाचा हात. खर्च काहीच नाही, म्हणून कदाचित कुणी करत नाही.

पण खरं दुखणं मापाचं आहे. या इंजिनाचा मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर. पिस्टनवर ०.५० छापलंय म्हणून डोळे मिटून ६९ ला बोअर करायचा, ही रीत घातक. पिस्टन आधी हातात हवा. पिनेच्या काटकोनात स्कर्टवर मायक्रोमीटर लावायचा, मॅन्युअलमधला क्लिअरन्स मिळवायचा आणि त्या मापाला तो सिलेंडर कापायचा. फट कमी पडली तर तापल्यावर ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडापेक्षा जास्त फुगतो आणि इंजिन जाम होतं. जास्त झाली तर सकाळी थंड इंजिनाची टकटक सुरू होते. बोअर गेजने वर, मधे, खाली, आडवं-उभं मोजलं तरच सिलेंडर अंडाकृती आहे की निमुळता, ते कळतं. रिंगही नुसती पिस्टनवर चढवायची नाही. आधी सिलेंडरात सरळ बसवून तिच्या तोंडाची फट फीलर गेजने बघायची.

इंजिन पुन्हा उघडण्याआधी कॉम्प्रेशन तपासा. कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्या. आकडा चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्हचा.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक सिलेंडरचा बोअर, पिस्टन, क्लिअरन्स आणि रिंगेची फट बिलावर लिहून द्यावी. गिऱ्हाइकाने ते मागावं आणि त्यासाठी मिस्त्रीला शे-दोनशे जास्त मोजावेत. कागद असला की दोष बोअरिंगवाल्याचा, गॅरेजचा की गाडी चालवणाऱ्याचा, हे ठरतं.

कारण चालवणाराही चुकतो. नव्या रिंगा जपायच्या म्हणून तासन्‌तास आयडलिंगवर ठेवलेल्या इंजिनाच्या भिंती गुळगुळीत होऊन चकाकतात. रिंग मुख्यतः वायूच्या दाबाने भिंतीला टेकते, म्हणून तिला भार लागतो. सिल्क बोर्डच्या कोंडीत पहिले किलोमीटर काढू नका. पहाटे होसूरपर्यंत न्या, वेग कमी-जास्त करत, अधूनमधून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडत. आणि पहिलं ऑइल पाचशे-हजार किलोमीटरला काढून टाका.