तीन गुणांचा हिशोब

परवा रायगडाला जाताना पाचाडला चहा घेतला. टपरीवर प्रो कबड्डीचा विषय आणि एकमत: "फायनलला पुणेरी पलटणने माती खाल्ली!" मला नाही पटलं. मंडळी, हिशोब बघा. मार्च २०२४: फायनलला हरियाणावर २८-२५, पलटण चॅम्पियन. पुढचा हंगाम थेट आठवा नंबर. २०२५ ला साखळीत १८ पैकी १३ जिंकून पहिले, पण फायनलला दिल्लीकडून २८-३१. दोन्हीकडे फरक तीनच गुणांचा, म्हणजे एका सुपर रेडचा! तेवढ्यावरून एक हंगाम सोन्याचा आणि दुसरा मातीचा? वर्षभर राबून शेवटच्या डेमोला सर्व्हर बसला की अप्रेझलला काय होतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आठव्यावरून वर्षभरात फायनल... मी तरी याला यशच म्हणतो. असो.