फुकटचं विमान आणि आयतं खाणं



‘वैमानिकाची बायको फुकटात जग फिरते’ हे गेल्या अंकातलं पत्र वाचून आधी हसू आलं. मी खालापूर तालुक्यातली, वैमानिक नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या दुबईत. सवलतीचं तिकीट मिळतं, पण विमानात जागा उरली तरच. गणपतीत आणि मे महिन्यात ती कुठली उरायला? काउंटरपाशी ताटकळायचं आणि विमान भरलं की खजुराच्या डब्यांसकट बॅग ओढत घरी परतायचं. शेवटी पूर्ण पैसे मोजूनच गाव गाठावं लागतं.

‘आयतं बसून खातात’ हा त्या पत्रातला शेरा मात्र झोंबला. माझा रहिवासी व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला. मला नोकरीची बंदी नाही. पण वर्क परमिट लागतं, आणि डॉक्टर-नर्स असाल तर इथला परवानाही नव्याने काढावा लागतो. सिंगापूरने तर १ मे २०२१ पासून अवलंबितांना नोकरीसाठी स्वतंत्र पास सक्तीचा केला. कर्जतला सासूबाईंच्या आजारपणात सलग सहा महिन्यांहून जास्त राहिले, तर माझा व्हिसा सहसा बाद होतो. आणि नवरा रात्रभर विमान उडवून आला, की दुपारी दोनपर्यंत घरात कुकरची शिट्टी नाही, मिक्सर नाही, पोरांचा आवाज नाही.

नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाल्याने आम्हा खालापूरकरांची सोय झाली, हे पत्रलेखकाचं म्हणणं मान्य. रिकामी खुर्ची मात्र तिथेही लागतेच.

– एक वाचक, मूळ खालापूर