प्रौढांत आजी धरायची की नाही?

‘फक्त प्रौढांसाठी’ असलेल्या, एकरकमी पैशात खाण्यापिण्यासकट सारे देणाऱ्या आलिशान रिसॉर्टात राहावे की नाही, हा वाद सध्या आमच्या शिरूरच्या घरी रंगला आहे. मुलांवाचून कसली सहल, असे वडीलधारे म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. आमच्याच तालुक्यातल्या मोराची चिंचोलीलाही न्याहारी-जेवण धरूनच पैसे घेतात. पण तिथे मोर पाहतात मुले, आणि त्यांच्यामागे ताट घेऊन धावते आई! ‘आज भाजी कसली?’ हा घोर चार दिवस चुकावा, ही चैन नव्हे, हक्काची रजा आहे.

जमैकात १९८१ साली ‘सँडल्स’ने जोडप्यांपुरते असे ठिकाण काढले. ठीक! पण जोडपे रजेवर गेले, की मुले कोणाकडे? दौंडला, आजीकडे. म्हणजे सुनेची रजा सासूच्या कंबरेवर! अहो, आमच्या घरात आईहून प्रौढ दुसरे आहे कोण? पाटीवर ‘प्रौढ’ लिहिले आहे, ‘जोडपी’ नव्हे. तेव्हा माझे म्हणणे असे: सासू-सुनेने जावे. मी मुलांना घेऊन दौंडला राहतो. किल्ल्याची माती मी भिजवीन. पोहे मला येतात. भाताला पाणी किती, तेवढे आईने लिहून ठेवावे.